मुलाखतीत शिवलेला जोडा

अध्यक्षांनी पायातला जोडा काढला, अंगठ्याने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "एवढा टाका घाल बघू."

मी मुलाखतीला आलो होतो. आमच्यासारख्यांतल्या एका मुलाला विलायतेच्या विद्यापीठात शिकायला पाठवायचं, असं नाशिकच्या एका मंडळाने ठरवलं होतं. मी बी.एस्सी. झालेला. पदार्थविज्ञान घेऊन, पहिल्या वर्गात. तिकडच्या विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र खिशात. प्रकाशाबद्दल काय विचारतील, काय सांगायचं, आठ दिवस घोकत होतो. आणि समोर हा जोडा. पुढची शिवण उसवलेला, आतून घामट.

मला वाटलं, थट्टा आहे. मी हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

"हसतोस काय? चांभाराचा पोर ना तू? आम्हाला तुझा हात बघायचाय."

"माझ्याकडे आरी नाही," मी म्हणालो. नाही म्हणायला एवढंच सुचलं.

"तुझा बाप फाटकाशी बसलाय की. आण त्याच्याकडून."

बा निफाडकडच्या आमच्या गावाहून माझ्याबरोबर आला होता. मुलाखत होईपर्यंत रिकामं कशाला बसायचं, म्हणून त्याने फाटकाबाहेर हत्यारांची पिशवी सोडली होती. मला बघून उठून उभाच राहिला.

"झालं? काय इचारलं?"

"आरी दे. आणि दोरा."

"आत आरी कशाला लागती रं?"

मी हात पुढे केला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग खाली बसला, आरी काढली, दोऱ्याला मेण चोळलं. दोन्ही माझ्या हातात देताना म्हणाला, "नीट घाल. नावं ठेवाया जागा ठिवू नको."

कोट उसना होता, आमच्या मास्तरांचा. तोच घालून मी फरशीवर मांडी घातली. खुर्ची तशीही कुणी दिली नव्हती. आरी आत, दोरा बाहेर, आवळ. पुन्हा आरी आत. सहा वर्षांचा असल्यापासून करत आलेलं काम. हात आपोआप चालले. माझेच हात, आणि माझं ऐकेनात. पाच सभ्य गृहस्थ खुर्च्यांतून वाकून बघत होते. "वा! काय सफाई आहे!" एक जण म्हणाला. अध्यक्षांनी जोडा घातला, दोन पावलं टाकली. "पास!" सगळे हसले. झाली मुलाखत. प्रकाशाचा एक शब्द नाही.

मी उठलो तेव्हा टेबलावरचा माझा अर्ज दिसला. विषयासमोर मी लिहिलेलं 'पदार्थविज्ञान' तांबड्या शाईने खोडलेलं. वर लिहिलेलं, 'चर्मोद्योग'. शाई पार वाळलेली. म्हणजे मी आत येण्याआधीच खोडलं होतं. जोडा नुसती करमणूक होती.

"इथे सही कर. चामड्याचं शास्त्र शिकवतात तिकडे. बाकीची व्यवस्था आमच्याकडे लागली."

"साहेब, माझा प्रवेश पदार्थविज्ञानाला झालाय."

इथे एक सांगितलं पाहिजे. हे अध्यक्ष नाशकात भला माणूस म्हणून ओळखले जात. त्या वर्षांत देवळाचं दार आपल्यालाही उघडावं म्हणून आपली माणसं उन्हातान्हात बसत होती, आणि हे सभेत त्यांच्या बाजूने बोलायचे. लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवल्या होत्या. तेच गृहस्थ माझ्याकडे मायेने बघत म्हणाले, "अरे, फिजिक्स शिकून येशील आणि करशील काय? मास्तरकीच ना? नाशकातली पोरं तुझ्यापुढे बसतील का? चामडं तुझ्या रक्तात आहे. त्याचं सोनं कर."

माया खरी होती. म्हणूनच अंगाची आग झाली. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं. शिवीला काय उत्तर द्यायचं ते आम्हाला लहानपणीच कळतं.

दौत पुढे आली. मी टाक उचलला. खरं सांगतो, उचलला. विलायतेची बोट डोळ्यांसमोर दिसत होती. करावी सही, तिकडे गेल्यावर बघू, असंही मनात आलं. पण बोटांना दोऱ्याचं मेण लागलेलं होतं. टाक घसरत होता. त्या बोटांकडे पाहिलं आणि टाक खाली ठेवला.

"सही करणार नाही."

"मग जाणं होणार नाही."

"नाही झालं तर नाही."

आरी उचलली आणि बाहेर आलो.

सगळं ऐकून बा भडकला. "गधड्या, सही करून जायाचं व्हतं! तिथं कोण बघाया येतंय, तू काय शिकतो ते?" कदाचित त्याचंच बरोबर असेल. आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मीही समजूत घातली नाही. आरीची मला लाज नाही. त्याच आरीवर मी बी.एस्सी. झालो. चामड्याचं शास्त्रही शिकलो असतो, मी होऊन मागितलं असतं तर. पण मी काय शिकायचं ते माझा चेहरा बघायच्या आधी तांबड्या शाईने कुणी ठरवावं, हे मी चालवून घेणार नाही.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाला पत्र टाकलं. दोन ओळींचं. या वर्षी येता येत नाही. येईन तेव्हा विषय हाच राहील.

बोट गेली. मी निफाडच्या वाटेवर जोडे शिवत होतो. पण ठरलं ते ठरलं. मी विलायतेला जाणार. पदार्थविज्ञानच शिकणार. आणि परत येऊन याच नाशकात, फळ्यासमोर, प्रकाश शिकवणार. ज्या पोराला माझ्यापुढे बसायचं नसेल, त्याने उभं राहून शिकावं.