डाव्या अंगानं

चौक गावात, जुन्या हायवेवरच्या एका गॅरेजात सदू पंक्चरं काढतो. पण धंदा काय म्हणून विचारलंत तर तो छाती काढून सांगेल, "राऊंड लावतो." म्हणजे काय, तर शेलूच्या नव्या टॉवरांतली माणसं रविवारी महागड्या सायकली घेऊन येतात, त्यांना रानातून, गावांतून फिरवायचं आणि परत चौकला आणून सोडायचं. निघायचं तिथंच परत यायचं, आणि त्यासाठी एवढा घाम गाळायचा. त्याची बायको सुप्रिया हे पहिल्यांदा ऐकून इतकी हसली की तिला ठसका लागला.

हा राऊंड ज्याच्याभोवती लागतो त्या रानाला बेट म्हणतात. आता इथं पाणी कुठलं आलंय! पण सगळीकडं प्लॉट पडले, फार्महाऊसांच्या भिंती चढल्या आणि मधोमध तेवढी हिरवी झाडी उरली. ती उरली कारण आत बापदेव आहे आणि त्याच्या फांदीला कोयता लावायची कुणाची टाप नाही. बेटाच्या एका अंगाला सदूची टेपाची वाडी. दुसऱ्या अंगाला कातळवाडी, तिथं त्याची थोरली बहीण जयवंता दिलेली.

बेटाला वळसा घालायचा तर बापदेव उजव्या हाताला राहिला पाहिजे. मग बैलगाडी असो, नवरदेवाची मोटार असो नाहीतर विटांचा टेंपो. डाव्या अंगानं, म्हणजे देव डाव्या हाताला ठेवून, इथं फक्त मयत नेतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही, पोर चालायला लागलं की त्याला ते कळलेलंच असतं. सदूनं स्वतः बापाला खांदा दिला तेव्हा तो त्याच डाव्या वाटेनं गेला होता.

हा राऊंडाचा उद्योग सदूला मिळवून दिला तो जयवंतानं. शेलूचा यज्ञेश म्हणून एक बँकेतला माणूस सायकलवर वाट चुकून तिच्या अंगणात आला. तिनं त्याला पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हणाली, "माझ्या भावाला इकडच्या सगळ्या वाटा पाठ हायत, त्याला घेऊन फिरा की." झालं. महिन्याभरात सदू 'सदूभाऊ' झाला. जयवंताचं स्वतःसाठी मागणं एकच होतं. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, तेव्हा माणसं तिच्याकडं नाश्त्याला थांबवावीत. "चार माणसांच्या तोंडी माझी घावणी लागली ना सदू, की पुढचं माझं मी बघंन," ती म्हणाली. सदूनं तिला शब्द दिला.

मोठा राऊंड ठरला दिवाळीनंतरच्या रविवारी. वीसेक माणसं यायची होती. जयवंतानं अंगण सारवलं, मांडव घातला. आणि इकडं शुक्रवारी संध्याकाळी सुप्रिया भाकरी थापता थापता सहज बोलल्यासारखं बोलली, "ताईंकडं आदी पोचणार मंजे आपल्याकडं कोण खातंय? जिथं आदी भूक लागती तिथंच माणसं बसतात. मी पण पोहे करू शकते म्हटलं."

एवढंच. ती भांडली नाही, रुसली नाही, आणि तिचं काही खोटंही नव्हतं. सदू जेवत राहिला. जेवून हात धुतला, बाहेर ओट्यावर येऊन यज्ञेशला फोन लावला आणि म्हणाला, "सर, राऊंड उलटा घेऊ. या अंगानं चढ आधी संपतो, नंतर सगळा उतार." यज्ञेश म्हणाला, "सदूभाऊ, तुम्ही म्हणाल तसं." माणूस विश्वास ठेवतो तेव्हा किती पटकन ठेवतो. त्यानं 'का' म्हणून विचारलं असतं तर सदूची जीभ अडखळली असती. फोन ठेवल्यावर त्याला बापदेव आठवला नाही असं नाही. सायकली म्हणजे काही बैलगाड्या नव्हेत, देव काय मोजत बसणार आहे, असं म्हणून त्यानं तो विषय मनातून हुसकून लावला. बहिणीचा मात्र हुसकता येईना.

रविवारी बेट डाव्या हाताला ठेवून वीस सायकली निघाल्या. टेपाच्या वाडीत सुप्रियाच्या पोह्यांचं भांडं बघता बघता रिकामं झालं, माणसं बोटं चाटत उठली. कातळवाडीला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. जयवंता नवं लुगडं नेसून मांडवाच्या तोंडाशी उभी. मागं घावण्यांची चळत, चवळीची उसळ, ओल्या खोबऱ्याची चटणी. यज्ञेश पोटावर हात फिरवत म्हणाला, "ताई, आता जागाच नाही हो. पुढच्या वेळी नक्की." तिनं हसून सगळ्यांच्या बाटल्या भरून दिल्या. सदू चेन बघायच्या निमित्तानं खाली वाकला तो उठेचना.

पुढच्या उताराला तो पडला. खडीवरून चाक सरकलं, दुसरं काही नाही, कोपर सोलवटलं. पण संध्याकाळी जयवंता हळद घेऊन त्याच्या घरी हजर. कोपराला लेप लावता लावता तिनं विचारलं, "उलटं का रं नेलंस त्यास्नी?"

खरं सांगायचं तर तेव्हाच सांगायचं. सुप्रिया आत चहा टाकत होती. सदू म्हणाला, "मी नाय नेलं. त्यांच्या मोबाईलनं तसा रस्ता दावला, आन ती माणसं मोबाईलचं ऐकत्यात. माज्या हातात काय व्हतं?"

"तरीच," जयवंता म्हणाली आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्या मोकळ्या चेहऱ्यानं सदूचा चहा कडू केला. आठवडाभर गॅरेजात तो नटबोल्ट इकडचे तिकडं लावत होता, मालकाच्या शिव्या खात होता. आपण किती हलक्या मनाचे, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

पुढच्या सोमवारी सकाळी तो कामाला निघाला तर बेटाच्या वाटेवर जयवंता चालताना दिसली. अनवाणी. हातात नारळ. खडीवर पाय जपून टाकत होती आणि बापदेव तिच्या उजव्या हाताला होता.

सदूनं गाडी लावली. "ताई, ह्ये काय?"

"कवाची निगाले. तू उलटा फिरलास, मी सुलटं फिरून घेते. मंजे फिटंल." ती थांबली नाही, तोही चप्पल काढून हातात घेऊन बरोबर चालू लागला. "देवाला सांगितलं मी, की माजा भाऊ तसा नाय. त्या शेलूवाल्यांच्या मोबाईलनं त्याला फिरवला. त्याचा काय बी दोष नाय. शपत घेतली तशी, नारळावर हात ठेवून."

सदूच्या तळव्यांना खडी टोचत होती, पण त्याला रडू येत होतं ते त्यानं नव्हे.

"ताई," तो म्हणाला, "मोबाईल नव्हता. मीच फिरवला. सुप्रियाचे पोहे आदी खपावे म्हणून. तुला शब्द देऊन बी."

जयवंता उभी राहिली. ती हातातल्या नारळाकडं पाहत राहिली.

"घावण्यांचं काय नाय रं," ती शेवटी म्हणाली. "गुरांनी खाल्ली. सुप्रियाचं बी घर हाय, तिनं का करू नये? मला सांगितलं असतंस तर मी हसून 'व्हय' म्हटलं असतं." तिचा आवाज फाटला. "पण मला देवाम्होरं खोटी पाडलीस."

"चूक झाली ताई. चल, घरी सोडतो तुला."

"मागारी कशी फिरू? मंग मी बी उलटीच." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ही फेरी पुरी करायला लागंल. मंग देवाला खरं काय त्ये सांगायचं, आन दुसरी घालायची. तू जा कामाला."

सदू गेला नाही. तिच्या मागून चालत राहिला. ती एकदा म्हणाली, "नको येऊस," आणि मग म्हणायची थांबली. पुढं कातळवाडीच्या वळणावर तिच्या टाचेखाली मातीत थोडं रक्त दिसायला लागलं. सदूनं आपली चप्पल पुढं केली. तिनं ती बघितली आणि बाजूनं निघून गेली.