उचललेली फरशी

फोन टाइल्सच्या दुकानातून आला. मी अकोल्याला बहिणीकडे होते, गच्चीवर पापड वाळत घालत होते, आणि अनोळखी नंबर बघून मला वाटलं, पुन्हा घराचंच काहीतरी. दोन वर्षं अनोळखी नंबरवरून दुसरं काही येतच नव्हतं... खिडक्यांच्या जाळ्या मापात चुकल्या, टँकर आज येणार नाही, सुतार गावी गेला. म्हणून पलीकडचा माणूस बोलायच्या आत मीच विचारलं, "आता काय मोडलं?" तो म्हणाला, "मॅडम, अमरावतीहून बोलतो. सर दुकानात बसल्या बसल्या पडले. आम्ही दवाखान्यात आणलंय, तुम्ही निघा." बहिणीचे यजमान माझ्यासोबत गाडीत बसले. मूर्तिजापूरपर्यंत ते फोनवर सारखं कुणाशी तरी बोलत होते, आणि मूर्तिजापूर सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघणं बंद केलं. बडनेऱ्याला उतरण्याआधीच मला कळलं होतं. माझ्या नवऱ्याशी माझं शेवटचं बोलणं त्याच्या चार दिवस आधी झालं होतं, आणि ते भांडण होतं. फरशी नीट होईपर्यंत मी या घरात पाऊल ठेवणार नाही, असं सांगून मी बॅग उचलली होती. लोकांनी याचा हवा तो अर्थ काढला. काढू दे. मला त्याचा पश्चात्ताप नाही, फरशी खरंच वाईट होती.

मनोहरराव नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. मी अकोल्यातल्या वकिलाची मुलगी. त्यांनी अकोल्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि त्यांचे विद्यार्थी आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. ते कुणालाही 'नाही' म्हणत नसत. वर्गात आवाज चढवत नसत. रिक्षावाला जास्त मागायचा तर हसून द्यायचे. बाहेर असा मेणासारखा माणूस घरात मात्र कमालीचा हट्टी होता, आणि हे एका माणसात कसं राहतं हे मला इतक्या वर्षांत उलगडलं नाही. मुलगी परवा म्हणाली, "आई, बाबांवर लिहिते आहेस तर चांगलं लिही." चांगलं ज्यांना बोलायचं होतं ते तेरवीला बोलून गेले. मी झालं तेवढं लिहिते.

अकोल्यात आमचा फ्लॅट होता. दुसरा मजला, समोर भाजीवाली, खाली मेडिकल, शेजारीण अशी की माझी शिंकही तिला ओळखू यायची. मला तिथून हलायचं नव्हतं. पण निवृत्तीनंतर यांच्या डोक्यात अमरावतीचं घर शिरलं. स्वतःच्या जमिनीवरचं, चारही बाजूंनी मोकळं, अंगणात लिंबाचं झाड असलेलं. प्लॉट पंधरा-वीस वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेला होता, गावाबाहेरच्या लेआउटमध्ये, जिथे अजून निम्म्या प्लॉटवर तूर उभी असते. मी म्हटलं, या वयात कशाला? तर म्हणाले, "जन्मभर लोकाच्या डोक्यावर न् लोकाच्या पायाखाली राहिलो. आता मले जमिनीवर झोपू दे." वाक्य ऐकायला छान आहे. तेरवीला दोघांनी ते सांगितलं. फ्लॅट विकला गेला तेव्हा मी सहीपुरती गेले आणि परत येताना रिक्षात त्यांच्याशी बोलले नाही.

घराचं काम त्यांनी विजयभाऊंना दिलं. विजयभाऊ त्यांचे चांदूर रेल्वेच्या शाळेतले मित्र, आता ठेकेदार. मी दुसरे दोन ठेकेदार बघून ठेवले होते, त्यांच्याशी बोलायलाही हे गेले नाहीत. सुरुवातीला सगळं गोडीनं चाललं. मग एकेक गोष्ट ठरलेल्या अंदाजाच्या बाहेर जायला लागली. जिना एकदा बांधून झाला आणि यांना तो पूर्वेकडे हवा झाला, म्हणून तोडला. बोअरला पाणी लागलं नाही, दुसरी जागा बघून पुन्हा बोअर मारली, तिलाही करंगळीएवढी धार. मिस्त्री दुसऱ्या साइटवर पळाला. मीटर मिळेना म्हणून शेजारच्या प्लॉटवरून वायर ओढली. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि दर आठवड्याला हे संध्याकाळी येऊन, चपला काढता काढता, आणखी एक नवा खर्च सांगायचे. सांगायची पद्धतही ठरलेली. आधी पाणी मागायचे, मग "तसं काही विशेष नाही" म्हणायचे, मग सांगायचे. मी लग्नाकार्यांना जाणं बंद केलं, कारण पाकिटात काय घालायचं हा प्रश्न यायला लागला. सख्ख्या मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला मी तब्येतीचं कारण सांगितलं. यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाले, "घर झालं की सगळ्यायले जेवायले बोलावू."

शेवटी भाडं आणि बांधकाम दोन्ही झेपेना, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही अर्ध्या घरात राहायला आलो. आतल्या दारांच्या चौकटी होत्या, दारं नव्हती. न्हाणीघराला मी चादर बांधली. भिंतींना आतून गिलावा होता, बाहेरून विटा उघड्या. एक स्वयंपाकघर तेवढं पूर्ण झालं होतं. फिकट पिवळी फरशी, काळा ओटा. मला ते आवडलं होतं, हेही खरं आहे. मी त्या फरशीवर पहिले काही दिवस चप्पल घालून फिरले नाही.

श्रावणात फरशी उचलली गेली. एके सकाळी ओट्याजवळ पाय ठेवला तर खालून पोकळ आवाज आला, दुपारपर्यंत दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या. पुढच्या पंधरवड्यात मधला अख्खा पट्टा वर आला, आणि ओट्यामागच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत, चीर गेली. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हे इथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. म्हणून तर पाया मुरूम लागेपर्यंत खोदतात आणि जोत्याच्या आत, फरशीखाली, बाहेरून आणलेला मुरूम भरतात. विजयभाऊंनी पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी मातीच आत लोटली होती आणि वर मुरमाचा पातळ थर पसरला होता. हे मला कुणी बाहेरच्याने सांगितलं नाही. यांनीच सांगितलं, उभ्या टाइल्सकडे बघत.

"तुम्ही तिथे उभे होतात ना?" मी विचारलं.

"होतो."

"दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी एक उभी टाइल पायाने दाबून बघितली. मग म्हणाले, "आता विजयले काय म्हणू..."

त्याचं कारण मला माहीत होतं. यांचे वडील गेले तेव्हा हे आठवीत होते. शाळा सुटायची वेळ आली होती, तेव्हा विजयभाऊंच्या आईने यांना घरी ठेवून घेतलं आणि दहावी होईपर्यंत स्वतःच्या मुलाच्या शेजारी पान वाढलं. त्या माउलीबद्दल मला आदर आहे. पण त्या भाकरीच्या बदल्यात माझं स्वयंपाकघर द्यायचं, हे कुणी ठरवलं? मी ते तसंच विचारलं. त्यावर हे चिडले, माझ्याशी, विजयभाऊंशी नाही. "काहून ओरडून राहिली व तू? करून देईन ना मी." आणि मग फावडं घेऊन अंगणात लिंबाचं आळं करायला गेले.

त्यानंतर जे वर्ष गेलं त्यात भांडायचं खातं माझ्याकडे आलं. वीज कंपनीच्या कार्यालयात मी भांडले, जाळ्यांच्या वेल्डरशी मी भांडले, दारं वेळेवर न देणाऱ्या सुताराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोसमोर मी भांडले. मला लोक घाबरायला लागले. लेआउटमधली मंडळी म्हणायची, सर फार सज्जन, मॅडम जरा... पुढचं बोलत नसत. एका घरात एकच माणूस सज्जन राहू शकतो, दुसऱ्याला मग ते परवडत नाही. मी विजयभाऊंना मात्र काही बोलू शकले नाही, कारण यांनी मला शपथ घातली होती. ते यायचे, दिवाणखान्यात बसायचे, चहा प्यायचे, शाळेतल्या गमती काढायचे. स्वयंपाकघरात ते एकदाही आले नाहीत. एकदा मीच आडून विषय काढला तर कपबशी खाली ठेवत म्हणाले, "वहिनी, काळ्या जमिनीचं असंच असते. दोन पावसाळे जाऊ द्या, बसते आपोआप." हे माझ्याकडे बघत होते, नको म्हणून.

उन्हाळ्यात माती आत खचली आणि भिंतीची चीर इतकी रुंद झाली की उभी बोटं आत जायची. तिथून मुंग्या यायच्या, एकदा विंचू आला. त्या दिवशी मी बॅग भरली. मी गेल्यावर हे टाइल्सच्या दुकानात गेले. सगळ्यात स्वस्तातल्या टाइल्स काढायला सांगितल्या, स्वतःच्या खर्चाने, विजयभाऊंना न कळवता, म्हणजे मित्राला वाईट वाटणार नाही आणि बायकोही परत येईल. खालची माती तशीच ठेवून वर नवी फरशी. गणिताचा शिक्षक. दुकानदार नंतर म्हणाला, सर नमुने मांडीवर घेऊन बसले होते, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत मान कलली. बाकी सांगण्यासारखं काही नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेरवीला मंडप अंगणात होता, लिंबाचं झाड दोरीने बांधून बाजूला घेतलेलं. बोलणारे बोलले. शेवटी विजयभाऊ उठले. डोळे पुसत म्हणाले, "मन्यानं या घरापायी जीव दिला. घर उभं झालं, पण घरमालक गेला." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी उठले, त्यांच्यापाशी गेले आणि म्हटलं, "विजयभाऊ, आत चला."

"आत काय, वहिनी?"

"चला तर."

ते आले, मागे दहा-बारा माणसं आली. मी त्यांना ओट्याशी नेलं, उचललेल्या टाइल्स ओलांडताना ते अडखळले. मी त्यांचा हात धरला आणि भिंतीच्या चिरेत घातला. मनगटाच्या अलीकडे येऊन हात थांबला.

"वहिनी, आज नका ना," ते हळूच म्हणाले. "लोक हाय."

"लोक आहेत म्हणूनच. तुम्ही आता बाहेर सांगितलंत, घरापायी जीव दिला. हे घर. याच फरशीच्या टाइल्स बघायला ते गेले होते. तुमच्या मित्राला मरेपर्यंत हे तुम्हाला दाखवता आलं नाही, म्हणून मी दाखवते."

माझी मुलगी मला मागे ओढत होती. नणंद म्हणाली, निदान आज तरी. विजयभाऊंनी हात बाहेर काढला, त्याला मातीची भुकटी लागली होती. ती त्यांनी झटकली नाही. मान खाली घालून मंडपातून गेले, जेवले नाहीत. आमच्याकडे तेरवीचं न जेवता जाणं म्हणजे संबंध तोडणं, हे सगळ्यांना माहीत आहे.

ते पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. पण आठवडाभराने सकाळी दोन मजूर आणि एक ट्रॉली मुरूम घेऊन आले. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. मी चहा विचारला नाही, पाणीही नाही. मजुरांनी फरशी फोडली, खालची काळी माती घमेल्यांनी बाहेर काढली. विजयभाऊ मागच्या दारात एक वीट टाकून तिच्यावर बसून होते. ढीग चांगला कमरेएवढा झाला तेव्हा ते मातीकडे बघत म्हणाले, "मन्या मले एकदा बोलला असता तर..."

मी आतून विचारलं, "बोलले असते तर काय केलं असतं?"

त्यांनी खरंच विचार केला. "भांडलो असतो," ते म्हणाले. "चार-सहा महिने त्याच्या दारात आलो नसतो. मग दिलं असतं करून. मी त्याले ओळखत नाही का न् तो मले ओळखत नाही का."

मला इतका राग कधी आला नव्हता, आणि तो विजयभाऊंवर नव्हता. चार-सहा महिन्यांचा अबोला. एवढीच किंमत होती. ती टाळण्यासाठी माझ्या नवऱ्याने एक अख्खं वर्ष मला चिरेतल्या मुंग्या मोजायला लावल्या, मला गावभर भांडखोर केलं, आणि मग स्वतः मांडीवर टाइल घेऊन निघून गेले. लोक याला सज्जनपणा म्हणतात. मी म्हणत नाही. त्यांचा मित्रावर विश्वास नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. भाकरी वाढणाऱ्या घरावर विश्वास नव्हता, की ते एक भांडण सोसेल.

मुरूम भरला, धुमसून घट्ट केला, त्यावर काँक्रीट पडलं. जाताना विजयभाऊ म्हणाले, तराईला माणूस पाठवतो. तराई म्हणजे नव्या काँक्रीटला पाणी पाजत राहणं, नाहीतर ते उन्हात तडकतं. मी म्हटलं, नको. हे काम मनोहररावांनी घर बांधताना कधी मजुरावर सोडलं नाही. स्लॅब पडला तेव्हा ते पहाटे सायकलने साइटवर जायचे, वर वाळूचे बुटके बांध, म्हणजे पाळी, करून पाणी साठवायचे आणि टँकर आला नाही तर शेजारच्या शेतातून बादल्या आणायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पांढरे पडलेले. मी एकदा डबा घेऊन गेले होते तेव्हा ते पाण्यात उभे राहून स्लॅबशी काहीतरी बोलत होते. मला बघून गप्प झाले. काय बोलत होते, ते सांगितलं नाही.

आता सकाळी उन्हं यायच्या आत मी स्वयंपाकघराच्या दारात पाळ नीट करते आणि पाइप सोडते. पाणी पसरतं, ओलं काँक्रीट गडद होतं, तोंडावर गारवा येतो. पाणी आटलं की पुन्हा सोडते. मिस्त्री म्हणाला, मॅडम, आता पुरे, पक्कं झालं, टाइल्स बसवू. मी त्याला पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. साडी खोचून मी त्या पाण्यात उभी राहते आणि यांना जे-जे ऐकवायचं राहिलं ते ऐकवते. आवाज चढवून ऐकवते. घरात आता सगळ्या चौकटींना दारं लागली आहेत, बाहेर काही जात नाही.