भाऊजींच्या मोसंबीला सलाईन

आज आमच्या पाणी सोसायटीची बैठक व्हती. तळं तळाला गेलंय, म्हणून समद्यांनी ठिबक बसवलं तरच मोसंबीच्या बागांना पाणी सुटणार. एकाची जरी ना असली तर कुणालाच न्हाई. माझे धाकटे दीर तेवढे अडून बसले.

"थेंबाथेंबानं कुठं झाड जगतं का, वहिनी? पाट भरून वाहिला पायजे."

म्या म्हणलं, "तान्ह्या लेकराला बोंडल्यानं पाजतेत, घागर तोंडाला लावत न्हाईत."

"लेकरू रडून मागतं. झाड रडतं का?"

समदे हसले. चूक माझीच. ह्या माणसानं जन्मात कवा लेकरू पाजलंय? मग त्यांनी सोता भोगलेलं काढलं.

"भाऊजी, मागच्या उन्हाळ्यात जुलाबानं आडवे पडलते, तवा डॉक्टरनं सलाईनची बाटली फोडून अंगावर वतली व्हती का?"

मागून माझी जाऊ म्हणली, "वतली असती तर बरं झालं असतं. तेवढीच आंघोळ."

भाऊजी हाताची शीर चोळत बसले. मग म्हणले, "टाका नळ्या."

समद्यांच्या बागा आता वाचतील, आन् मी जिंकले.

तुमच्या घरात कोण अडून बसलंय? त्यानं सोता काय भोगलंय ते आधी हुडका, मग तोंड उघडा.