झालरीखालचं लिंबू

नवी गाडी आणली की चाकाखाली लिंबू ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. पण शेठनी विकत आणलेल्या जुन्या हॉवरक्राफ्टला चाकंच नाहीत; ते हवेच्या गादीवर तरंगत चिखलावरून सरकतं. मी आपलं लिंबू त्याच्या रबरी झालरीखाली ठेवलं. पंखा घुमला, यंत्र वरून निघून गेलं. लिंबू जसंच्या तसं.

"गण्या, लिंबाला काय कळतंय इंजिनातलं?" शेठ हसले.

मला हसू येईना. कच्छच्या या खाडीत ओहोटीला मैलभर गाळ उघडा पडतो, आणि त्यात रुतलेल्या माणसासाठी भरती थांबत नाही. झालरीला ठिगळं होती. का विकतोस म्हणून विचारलं, तर आधीचा मालक नुसता गाळाकडे बघत राहिला होता.

रीत आपल्याला वाचवत नसेलही. भीतीला ठेवायला जागा तरी देते. आज तेवढीही मिळाली नाही.

सातवीत शाळा सुटली, तेव्हा घरापासून इतक्या लांब शेठनीच मला कामाला ठेवलं, जेवायला घातलं. आता ते पलीकडच्या कोळंबीच्या तळ्यांवर एकटेच निघाले होते. मी त्यांच्यामागे चढून बसलो. ते वळून "उतर" म्हणाले. पंख्याच्या आवाजात मला ते ऐकूच आलं नाही, असं मी दाखवलं.