दाजींनी गाडी पसंत केली

दुकानातल्या वस्तू विकण्यासाठी मांडलेल्या असतात, असं साऱ्या जगाला वाटतं. आमच्या दाजींना मात्र त्या आपण तपासून नापास करण्यासाठीच मांडल्या आहेत असं आयुष्यभर वाटत आलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे खर्ड्याचे, पण पोटासाठी नगरला आले, केडगावात दोन खोल्या बांधल्या आणि सुप्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात चिकटले. तिथं तयार होणारी वस्तू मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसेल तर बाजूला टाकायची, एवढंच त्यांचं काम. कारखान्यातून सुटल्यावर माणसं कपडे बदलतात, दाजी नजर बदलायचं विसरले. सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी व्हर्निअर, म्हणजे केसाइतकंही मोजणारी ती पोलादी मोजपट्टी, कायम असायची. अक्का तव्यावरून भाकरी उतरवायची आणि दाजी घास मोडण्याआधी तिच्या कडा चिमटीत धरून बघायचे. "मधी जाड झाली आज," असं म्हणत ती भाकरी ते चवीनं खायचे. अक्का म्हणायची, "जाड हाय तर ठिवा की खाली." त्यावर दाजी, "खाण्यात पास हाय. बनवण्यात न्हाई."

अक्काला बघायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. जामखेडजवळच्या आमच्या गावी पाहुणे मंडळी बसली होती, अक्का पोह्यांचं ताट घेऊन आली, सगळ्यांच्या माना वर झाल्या. नवरदेवाची नजर मात्र अक्काच्या मागच्या दारावर. "ह्ये दार खाली बसलंय. वरची बिजागरी ढिली हाय," असं म्हणून ते उठले, बाबांकडून पेचकस मागून घेतला आणि पोहे निवेपर्यंत दार नीट करून दिलं. बाबांना वाटलं, पोरगा थोडा सटकलेला आहे. आई म्हणाली, आपल्या दाराला इतकी वर्षं कुणी हात लावला नव्हता, द्या पोरगी. अक्काचं म्हणणं असं, की दाजींनी तिला पुरतं पाहिलं ते थेट मांडवात, आणि तेव्हा उशीर झाला होता, नाहीतर तिच्यातही त्यांनी काहीतरी काढलं असतं.

त्यांच्याबरोबर खरेदीला जाणं हा आमच्या नातेवाइकांत शिक्षेचा प्रकार समजला जाई. चप्पल घ्यायची तर ती घालून कापड बाजारात एक चक्कर मारून यायचे, आणि दुकानदाराला काळजी नको म्हणून मला तारण म्हणून तिथं बसवून जायचे. कलिंगड वाजवून तर सगळेच बघतात, दाजी दोन कलिंगडं दोन्ही हातांत घेऊन डोळे मिटून उभे राहायचे आणि मागं गिऱ्हाइकांची रांग लागायची. माझ्या लग्नात मला टेबलफॅन भेट द्यायचा होता, त्यासाठी त्यांनी दुकानातले सगळे पंखे एकदम लावायला सांगितले आणि प्रत्येकापुढं रुमाल धरला. पंखा अजून चालतो. हीच तर दाजींची खरी अडचण होती. इतक्या कटकटीनंतर त्यांनी पसंत केलेली वस्तू कधी बिघडायची नाही, आणि मग आम्हाला त्यांच्यावर मनसोक्त हसताही यायचं नाही.

असे हे दाजी निवृत्त झाले. निरोप समारंभाआधी खात्यातल्या मंडळींनी विचारलं, तुम्हाला काय भेट देऊ? भिंतीवरचं घड्याळ, प्रवासाची बॅग, गणपतीची मूर्ती असा तिथला रिवाज. दाजी म्हणाले, "टेबलावर ठिवायची एक लहान गाडी द्या. पण आतलं सगळं खरं पायजे. आन् निवडणार मी." मंडळींनी शाल, नारळ आणि एक पाकीट देऊन आपली सुटका करून घेतली. गाडीसाठी दाजींना दुकानोदुकानी फिरवण्याचं काम अर्थातच माझ्याकडं आलं, कारण स्कूटर माझ्याकडं होती. मी वाटेत एकदा विचारलं, "दाजी, पण तुमच्याकडं टेबल कुठाय?" दाजी मागून म्हणाले, "आधी गाडी तर मिळू द्या, पाव्हणं."

पहिलं दुकान सावेडीतलं. दुकानदारानं उत्साहानं विचारलं, "किती वर्षांच्या मुलासाठी पाहिजे?" दाजी म्हणाले, "अठ्ठावन्न." मग त्यानं काचेच्या कपाटातून लाल रंगाची धातूची गाडी काढली. दारं उघडत होती, डिकी उघडत होती, पुढचं झाकणही उघडत होतं. दाजींनी झाकण उघडलं, चष्मा वर केला आणि आत बघून विचारलं, "ह्ये इंजिन हाय का इंजिनाचा फोटो?" आत खरोखरच चित्राचा कागद चिकटवलेला होता. दुकानदारानं एकामागून एक बऱ्याच गाड्या काढल्या. दाजी प्रत्येक गाडी वरून बघायचेच नाहीत. हातात आली की उताणी करायची, मागच्या दोन चाकांच्या मधे बघायचं आणि परत द्यायची. रंग, दिवे, काचा, कशाचंच त्यांना देणंघेणं नव्हतं. पुढं आम्ही सगळे शिर्डीला गेलो तेव्हाही तेच. दर्शन झालं, अक्का प्रसादाची पिशवी मांडीवर घेऊन खेळण्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि दाजींनी आतल्या तमाम गाड्या उताण्या करून ठेवल्या. दुकानदारीण म्हणाली, "बाबा, अपघात झाल्यावानी दिसतंय वो!" दाजींनी तिची माफी मागून साऱ्या गाड्या पुन्हा सरळ केल्या, तोंडं एका ओळीत आणून.

अखेर पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीनं यातून मार्ग काढला. ठोकळे जोडून आपण स्वतः बांधायच्या गाड्या मिळतात, आणि त्यांत आतली यंत्रंसुद्धा चालतात, असं तिनं दाजींना मोबाईलवर दाखवलं. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळताहेत, चाक फिरलं की इंजिनातले दट्टे वर-खाली होताहेत. दाजींनी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मोबाईल तापला. तिनं घाईघाईनं एक गाडी मागवून दिली. खोकं आलं, दाजींनी त्यातलं माहितीचं पुस्तक चाळलं आणि खोकं पुन्हा बंद केलं. "दोन्ही मागची चाकं एकाच सळईवर जखडलेली हायेत. ही गाडी वळायची न्हाई, घासटायची." मी म्हणालो, "दाजी, ती टेबलावर उभी राहणार आहे. वळायचं कुठंय तिला?" एरवी अशा बोलण्यावर दाजींकडं तयार उत्तर असायचं. त्या दिवशी मात्र खोक्यावरची चिकटपट्टी नखानं नीट दाबत बसले. तेव्हा प्रथमच मला वाटलं, की हा नुसता चोखंदळपणा नाही, हा माणूस काहीतरी शोधतोय.

मग त्यांना पुण्याला एका मोठ्या दुकानात नेलं. विक्रेती मुलगी गोड स्वभावाची होती. ती म्हणाली, "काका, ही मोठी घ्या, हिच्यात लाइट लागतात." दाजी म्हणाले, "लाइट घरी हाय, बाळ." एकेक खोकं, एकेक चित्र बघत दुपार टळली. आणि शेवटी अगदी खालच्या फळीवर तळहाताएवढ्या एका जीपचं खोकं सापडलं. मागच्या बाजूला आतल्या यंत्राचं चित्र होतं. दाजींनी चष्मा काढला, खोकं डोळ्यांजवळ नेलं, आणि तसेच उभे राहिले. मग खोकं छातीशी धरून म्हणाले, "हीच." इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर बाजार केला, पण एखाद्या वस्तूला त्यांनी 'पण' न लावता होकार दिलेला मी प्रथमच ऐकला.

टेबलाचा प्रश्न अक्काच्या शिलाई मशीननं सोडवला. अक्का गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवते. तिचं मशीन टेबलाच्या पोटात दुमडून त्याच्या फळीवर दाजींनी कारखाना मांडला. अक्काच्या मसाल्याच्या डब्यातली हळद, मोहरी, जिरं कागदाच्या पुड्यांत गेलं आणि त्या वाट्यांत रंगवार ठोकळे आले. दाजी रोज थोडं थोडं बांधत. दोन ठोकळ्यांमधे फट राहिली का ते व्हर्निअर लावून बघत. ब्लाउज खोळंबले, गल्लीतल्या बायका चिडल्या, अक्का तर रोजच चिडलेली असायची. "लगीनघाई हाय बायांची, आन् तुमचा खेळ!" दाजी खाली मान घालून म्हणायचे, "मागचा आस झाला की मशीन तुझं."

मागचा आस, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला दांडा, जोडायच्या दिवशी मी तिथंच होतो. एक नखाएवढं दातेरी चाक जागेवर बसत नव्हतं. दाजींची नजर आता बारीक कामाला पुरत नव्हती आणि चाक चिमटीतून सारखं निसटत होतं. बऱ्याच वेळानं अक्का स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आना हिकडं. दोरा ओवनारीचा हात हाय हा." तिनं चाक चिमटीत धरलं आणि एका झटक्यात बसवलं. मग विचारलं, "ह्ये एवढुसं काय हाय?"

दाजी म्हणाले, "ह्ये आमी करायचो."

"आमी म्हंजी?"

"कारखान्यात. ह्येच चाक, लोखंडाचं, हाताच्या मुठीएवढं. बाकीचे करायचे, मी तपासायचो. जनमभर ह्येच केलं."

अक्का खुर्ची ओढून बसली. दाजींनी आस हातात घेतला आणि सांगायला लागले. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापावा लागतो, आतल्याला कमी. दोन्ही एका सळईला जखडली तर एक घासत जाणार. म्हणून मधे ही दातेरी चाकं, ती दोघांना आपापल्या चालीनं चालू देतात. दाजींना मी एवढं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

अक्का म्हणाली, "म्हंजी मळणीच्या बैलावानी. खळ्यात मधल्या खांबाजवळचा बैल जाग्यावर फिरायचा, आन् कडंचा निस्ता पळायचा. बाबा म्हनून तर दांडगा बैल कडंला जुपायचे."

दाजी तिच्याकडं बघत राहिले. "बरोबर," ते म्हणाले.

"मग मी रोज इचारायची, काय केलं आज कामावर, तवा तुमी 'काय न्हाई' म्हनायचा."

"काय सांगायचं?" दाजी म्हणाले. "बारकं चाक. खोक्यात भरलं की टेम्पोत बसून जायचं. त्ये गाडीत कुठं बसतंय ते म्या कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आपल्याकडं गाडी न्हाई, आन् दुसऱ्याची कोण खोलून दावतंय?"

मशीनच्या फळीवरचा तो पसारा अक्कानं त्या दिवशी आवरायला लावला नाही, आणि जिरं-मोहरी पुढं बरेच दिवस पुड्यांतच राहिली.

त्याला आता काही वर्षं झाली. दाजींना हल्ली ऐकू येत नाही. मोठ्यानं बोललं तरी फारसं पोचत नाही. कानाची यंत्रं आणून दिली, ती सगळी त्यांनी नापास केली. दारापाशी खुर्ची टाकून बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून हसतात, बोलत नाहीत. बोलायला लागले तेव्हा ऐकणारी मिळाली, आणि आता तिचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही, असा काहीसा हिशोब झाला. परवा मी गेलो तेव्हा अक्का एका कॉलेजातल्या पोरीच्या ब्लाउजचं माप घेत होती. मशीनवर जीप उभीच होती. पोरीनं विचारलं, "मावशी, ही कोणाची?"

"आमच्या ह्यांची. हिच्या आतलं चाक हे करायचे," अक्का म्हणाली आणि जीप उताणी करून तिला सगळं समजावू लागली. "आता मळणीचे बैल कसे फिरतात, तसं."

"मळणी मशीनवर होते ना मावशी?" पोरगी म्हणाली. "बैल कशाला?"

अक्का थांबली. तिनं फळीवर दोऱ्याचं रीळ उभं केलं. "ह्यो खळ्यातला खांब," ती म्हणाली, आणि त्याच्याभोवती जीप फिरवू लागली. "आतलं चाक बघ, ह्यो म्हातारा बैल. भाईरचं बघ, ह्यो दांडगा. आन् मागं आमचे बाबा, हातात चाबूक." पोरगी वाकून बघत होती. अक्का रंगात आली होती, जीप भराभरा फिरत होती.

दारातून दाजी हे बघत होते. त्यातलं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी हात वर केला आणि तळवा खाली करून हळूहळू हलवला, सावकाश, सावकाश.

अक्कानं तो हात पाहिला आणि जीप सावकाश फिरवू लागली.