शुभेच्छुकांच्या रांगेतला माझा फोटो

सोमवारी दुपारी दुकानात एका बॅनरची ऑर्डर आली आणि मी माउस बाजूला ठेवला...

मी महाडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करतो. वाढदिवस, श्रद्धांजली, क्रिकेटचे सामने, सगळं. शाळा नववीत सुटली, पण माझ्या बॅनरवर चुकीचा शब्द सापडणार नाही. प्रिंटला सोडण्याआधी पुन्हा पुन्हा वाचतो. शेठ म्हणतात, तुझं वाचून होईपर्यंत माणसाचा पुढचा वाढदिवस येईल.

ऑर्डर आणली होती माझ्या चुलतभावाने, संदेशदादाने. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची एकसष्टी. पोलादपूरच्या पुढे आमच्या गावाचा फाटा लागतो, तिथे बॅनर लागणार. मधे फेटा बांधलेले काका, वर 'प्रेमळ, मायाळू, कुटुंबाचा आधारवड', आणि खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो. त्यात एक माझा... मला न विचारता.

आईबाबा मुंबईला कामाला होते, म्हणून लहानपणी मी या काकांकडे होतो. भात सांडला म्हणून पट्टा. पट्टा खाताना रडलो म्हणून गोठ्यात, बाहेरून कडी लावून, सकाळपर्यंत. मोठा झालो, मिशा आल्या, तरी कुठेही कडी सरकल्याचा आवाज आला की माझा श्वास अडकायचा.

गेलं वर्षभर दर गुरुवारी मी चवदार तळ्याजवळ एका मॅडमकडे जातो. त्या मानसोपचार करतात. गावात आधी बातमी होती की मला बाहेरचं काहीतरी लागलंय, नंतर बातमी झाली की मला वेड लागलंय. हे वाचणाऱ्यांत गावातले लोकही आहेत, म्हणून इथेच लिहितो... हो, जातो. यापुढेही जाणार.

मॅडमनी मला एकदाही 'माफ करून टाक' असं सांगितलं नाही. त्यांनी 'नाही' म्हणायला शिकवलं. रोज एक, छोटंसं. माझं पहिलं 'नाही' भाजीवाल्या मावशींना होतं, जबरदस्तीने पिशवीत टाकलेल्या कोथिंबिरीच्या जुडीला. त्या 'बरं' म्हणाल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. माझी छाती मात्र संध्याकाळपर्यंत धडधडत होती.

सोमवारचं 'नाही' कोथिंबिरीचं नव्हतं. मी पाय जमिनीवर घट्ट टेकवले आणि दादाला म्हणालो, माझा फोटो यात जाणार नाही.

त्याला आधी ती थट्टाच वाटली. मग म्हणाला, "आरं, सख्खा पुतण्या बॅनरवर नाय, लोक काय म्हणतील? ती डॉक्टरीण घरं फोडायला शिकवते काय तुला?"

"लोकांनी विचारलं तर माझ्याकडे पाठव. मी सांगेन."

दादा बाहेर गेला आणि त्याने थेट मुंबईला माझ्या आईला फोन लावला. पाच मिनिटांत माझा मोबाइल वाजला. बाबा गेल्यापासून गणपतीला गावी आली की तिला काकांच्या घराचाच आधार आहे. ती समजावत राहिली... काका म्हातारे झाले, सगळ्यांचीच पोरं मार खातात, जुनं उकरू नको.

"आनि फोटोच तर हाय रे."

मी म्हणालो, फोटोच आहे तर राहू दे ना बाहेर.

आणि मग जे मॅडमनाही बऱ्याच महिन्यांनी सांगता आलं होतं, ते तोंडातून निघून गेलं. "आई, तू रविवारी फोन करायचीस ना... मी म्हणायचो, मजेत आहे. तेव्हा काकांचा हात माझ्या मानेवर असायचा."

 आईने फोन कट केला.

मी कामाला लागलो. माझा फोटो डिलीट केला. तिथे गोल रिकामा राहिला. क्षणभर वाटलं, राहू दे तसाच, दिसू दे सगळ्यांना. पण जागा ठेवली असती तर मी त्या रांगेतला एक गैरहजर माणूस ठरलो असतो. मी त्या रांगेतला नव्हतोच... बाकीचे फोटो सारखे अंतर ठेवून सरकवले. 'आधारवड' नीट तपासला. काम ते काम. दादा परत येऊन मागे उभा होता.

फाइल प्रिंटला टाकणार, एवढ्यात आईचा पुन्हा फोन. आवाज बसलेला होता. जेवलास का, विचारलं. मग म्हणाली, "त्यात माझा पन फोटो हाय ना?"

काकांच्या उजवीकडे होता, 'भावजय' म्हणून. मी हो म्हणालो.

"काढ तो."

गणपतीचं काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "बघू. तू आधी काढ."

मी पुन्हा सगळे फोटो सरकवले. मग फाइल प्रिंटला टाकली.

आमच्याकडे जुना फ्लेक्स वाया जात नाही. कार्यक्रम झाला की उतरवतात आणि पावसाळ्यात लाकडांवर नाहीतर गोठ्यावर टाकतात. हाही त्याच गोठ्यावर जाईल, मला माहीत आहे. जाऊ दे... आम्ही दोघं त्यात नाही.