थेन ओल्डरॉइडचे चार घोडे

अमेरिकेतल्या स्प्रिंगव्हिल या मॉर्मन गावात थेन ओल्डरॉइडने उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या अंगणातले पाण्याचे मीटर वाचण्यात घालवली. या नोकरीत माणूस दोन गोष्टी शिकतो. कुत्र्यांशी कसं बोलावं आणि जाता जाता खिडकीतून आत कसं बघावं. कोण रविवारी हिरवळीला पाणी घालतं, कुणाच्या ओट्यावर टॉवेलखाली कॉफीचं यंत्र झाकलेलं असतं, ही धर्माला न चालणारी गुपितं त्याला बिशपच्या आधी कळायची. तो कुणाला सांगत नसे. विसरतही नसे.

धर्माच्या बचावाचं काम त्याने तेव्हापासूनच अंगावर घेतलं होतं. सुरुवातीला ते झेरॉक्सवर चालायचं. कुणीतरी पत्रक काढायचं, की मॉर्मनच्या ग्रंथात अमेरिकेत घोडे दौडतात आणि कोलंबस येईपर्यंत तर इथे घोडा नव्हता. मग थेनच्या मंडळींपैकी कुणीतरी उत्तराचं पत्रक काढायचं. दोन्ही पत्रकं एकाच दुकानात छापली जात. दुकानदार तिसऱ्याच पंथाचा, बाप्टिस्ट होता, तो दोघांनाही शुभेच्छा द्यायचा.

पुढे हे भांडण इंटरनेटवर गेलं आणि थेन ‘ढाल’ नावाच्या संकेतस्थळाचा स्वयंसेवक झाला. त्याच्याकडे घोड्यांचं खातं आलं. ग्रंथातला घोडा हा कदाचित टॅपिर असावा, असं त्याने फार अभ्यास करून लिहिलं. टॅपिर म्हणजे आखूड सोंडेचं, डुकरासारखं, लाजाळू जनावर. विरोधकांनी रथाला जुंपलेल्या टॅपिरचं चित्र काढलं. थेनचा लेख जितक्यांनी वाचला त्याच्या कितीतरी पट लोकांनी ते चित्र पाहिलं.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने टोपीत दगड ठेवून, टोपीत तोंड खुपसून ग्रंथ सांगितला, ही शत्रूंनी पिकवलेली कंडी आहे, असंही तो वर्षानुवर्षं लिहीत होता. मग एका उन्हाळ्यात खुद्द चर्चनेच त्या दगडाचा रंगीत फोटो छापला. थेनने आपली जुनी उत्तरं मुकाट्याने दुरुस्त केली. पण विरोधकांना प्रती जपून ठेवायची वाईट खोड असते.

त्या विरोधकांत ‘मागचा बाक’ या टोपणनावाने लिहिणारा एक जण होता. तो शिव्या देत नसे, ओरडत नसे. तो फक्त थेनची दोन उत्तरं शेजारी शेजारी मांडायचा आणि खाली लिहायचा, ‘यातलं कोणतं घेऊ?’ थेनला त्याचा राग होताच. भीती वाटायला लागली ती नंतर. एका सोमवारी ‘मागचा बाक’ने लिहिलं, की काल आमच्या वर्गात एका आजोबांनी टॅपिरवर इतका वेळ भाषण दिलं की मागे बसलेलं बाळसुद्धा झोपी गेलं.

ते आजोबा थेन होता. बाळ झोपलेलं त्यानेही पाहिलं होतं.

मग त्याने मागचं सगळं लिखाण चाळलं. हा माणूस रविवारी कधीच लिहीत नव्हता. महिन्यातल्या पहिल्या रविवारच्या उपासाच्या आदल्या दिवशी तो जेवणाबद्दल लिहायचा, दुसऱ्या दिवशी गप्प. नास्तिक माणूस रविवार कशाला पाळेल? म्हणजे हा आपल्याच वॉर्डातला, एकाच बिशपच्या मंडळीतला, आपल्याबरोबर स्तोत्रं म्हणणारा, दर रविवारी आपल्याशी हस्तांदोलन करणारा कुणीतरी होता.

त्या दिवसापासून थेनला चर्चमधलं प्रत्येक हस्तांदोलन जरा जास्त वेळ चाललंय असं वाटू लागलं.

त्याने तीन संशयित काढले. केव्हन लुंड, रविवारच्या वर्गाचा शिक्षक, कॅलिफोर्नियाहून आलेला, वर दाढी. मार्लिस बिंगम, शाळेची ग्रंथपाल, वर्गात प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळाल्यावर ‘अस्सं’ म्हणायची. आणि रुलन पेस, वॉर्डाचा कारकून, प्रार्थनेच्या वेळी ज्याचे डोळे उघडे असत. हे थेनला ठाऊक होतं, कारण त्याचेही उघडे असत.

मग त्याने एक खोटी डायरी रचली. ओहायोतला कुणी जुना भाविक म्हातारपणी लिहून गेला, की देवदूत दिसल्याचं मी गमतीत सांगितलं होतं, लोकांनी खरं मानलं, शेवटी मी पहाटे घोड्यावर बसून पळालो. ही गोष्ट तो तिघांनाही एकेकटं गाठून सांगणार होता. केव्हनला घोडा काळा, मार्लिसला तांबडा, रुलनला पांढरा. ‘मागचा बाक’ ज्या रंगाच्या घोड्यावर बसून येईल तो चोर.

प्रयोगात एक निर्दोष माणूसही हवा, म्हणून चौथा डेलमाँट सेशन्स. डेलमाँट हा त्याचा भेटीचा जोडीदार. वॉर्डाने नेमून दिलेल्या घरांची विचारपूस करायला दोघे दर महिन्याला डेलमाँटच्या पिकअपमधून जात. त्याच्यासाठी करडा घोडा.

गोष्ट खरी वाटावी म्हणून थेन प्रत्येकाला शेवटी आवाज उतरवून म्हणाला, ‘वाचल्यापासून माझं मन लागत नाही बघा.’

केव्हनने त्याचे दोन्ही हात धरले. ‘ब्रदर ओल्डरॉइड, मी तुमच्यासाठी उपास करीन.’

मार्लिस ‘अस्सं’ म्हणाली नाही, हे त्याला संशयास्पद वाटलं.

रुलन म्हणाला, ‘पण घोड्याचा रंग कशाला सांगताय?’

‘रंग महत्त्वाचा आहे.’

‘बरं,’ रुलन म्हणाला आणि त्याच्याकडे दयेने पाहत राहिला.

डेलमाँटने पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. ‘करडा होय? झोप लागते का रे तुला?’

‘कसली झोप.’

‘मग ते वाचू नकोस ना लेका. शनिवारी मासे धरायला चल. मासे काही विचारत नाहीत.’

थेन रोज विरोधकांचं पान उघडून बसू लागला. ‘मागचा बाक’ शांतपणे ग्रंथातल्या हत्तींबद्दल लिहीत होता. घोडा काही येईना.

आला तो केळ्याचा पाव. दारात, फडक्यात गुंडाळून, चिठ्ठीवर नुसतं हृदय. दुसऱ्या दिवशी किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली आली. मग वर कॉर्नफ्लेक्सचा थर असलेलं बटाट्याचं भलंमोठं भांडं. हा पदार्थ गावात मयताच्या घरी नेतात.

त्याची बायको आर्डिस भांडं हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. ‘कोण गेलं?’

‘कोणी नाही.’

‘मग बटाटे कशाला आले? थेन, तू काय केलंस?’

‘मी काय करणार? लोक प्रेमळ आहेत.’

‘इतके नाहीत,’ आर्डिस म्हणाली.

थेनने जेली चमच्याने उलटीपालटी करून पाहिली. पाळत ठेवायला आलेला माणूस हातात काहीतरी घेऊनच येतो, असं त्याचं मत होतं. त्याच संध्याकाळी बिशपचा फोन आला.

एरवी तो घाबरला नसता. पण मंदिरात जायला बिशपच्या सहीने मिळणाऱ्या त्याच्या परवान्याची मुदत त्याच महिन्यात संपत होती आणि नात ब्रिनली पुढच्या महिन्यात पेसनच्या मंदिरात लग्न करणार होती. परवाना नसेल तर आजोबा असो की बाप, लग्न लागेपर्यंत बाहेर थांबायचं. ब्रिनलीला थेनने सायकल शिकवली होती. तिने वेदीसमोरची साक्षीदाराची खुर्ची त्याच्यासाठी मागून ठेवली होती.

बिशप टॉलमन एरवी दातांना तारा बसवायचा; बिशपचं काम बिनपगारी. चाळिशीचा, हसतमुख, दुसऱ्याच्या तोंडाकडे बारकाईने बघायची सवय असलेला.

‘ब्रदर ओल्डरॉइड, माझ्याकडे तिघं येऊन गेले. वेगवेगळे. तिघंही रडले.’

‘रुलनसुद्धा?’

‘सगळ्यात जास्त तोच. म्हणाला, घोडे सांभाळता सांभाळता म्हाताऱ्याची श्रद्धा गेली.’ बिशप जरा पुढे वाकला. ‘गंमत अशी, की प्रत्येकाचा घोडा वेगळ्या रंगाचा.’

इतकी वर्षं थेनकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, बऱ्याचदा दोन. आताही दोन होती. शंका आहे म्हणावं तर परवाना जाणार. शंका नाही म्हणावं, तर वॉर्डातल्या भल्या माणसांना खोटं सांगून त्यांच्यावर सापळा लावल्याचं कबूल करावं लागणार. त्याने सापळा कबूल केला.

बिशपने हातातलं पेन खाली ठेवलं. ‘म्हणजे तुम्हाला शंका नाहीच.’

‘धर्माबद्दल नाही. लोकांबद्दल आहे.’

‘ते तिघं तुमच्यासाठी उपाशी राहिलेत हो.’

‘आता कळतंय.’

‘त्या तिघांची माफी मागा. बटाटे खाल्लेत ना? मग मागाच.’ बिशपने खुर्ची सरकवली. ‘आता एक सांगा. तो ‘मागचा बाक’ मीही वाचतो. वाचावं लागतं. तो आपलाच आहे हे मलाही दिसतंय, आणि वरच्या कचेरीतून विचारणा होतेय. ही गोष्ट ज्याने ऐकली आणि जो माझ्याकडे आला नाही, असा चौथा कुणी?’

थेनने मनात बोटांवर रंग मोजले. काळा आला होता, तांबडा आला होता, पांढरा आला होता. आपल्या वॉर्डात कुणाची श्रद्धा डळमळली असं कळलं की माणूस ते बिशपपर्यंत नेणारच. प्रेमाने नेणार, पण नेणार. करडा घोडा मात्र पिकअपमधून उतरलाच नव्हता. तो निर्दोष म्हणून निवडलेला माणूस होता, आणि ओल्डरॉइडची झोप उडाल्याचं त्याने एकट्याने मनात ठेवलं होतं.

चोर सापडला होता. नाव सांगायला दोन शब्द पुरले असते.

‘नाही,’ थेन म्हणाला. ‘तिघंच.’

बिशपने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पुस्तिका उघडून परवान्याचे नेहमीचे प्रश्न सुरू केले. देवावर श्रद्धा आहे का, वगैरे. थेन हो हो म्हणत गेला.

‘सगळ्या वागण्यात प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता का?’

‘प्रयत्न करतो,’ थेन म्हणाला. यातलं अक्षरही खोटं नव्हतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. या कामात त्याचा हात बसलेला होता.

बिशपने सही केली.

लग्नाच्या दिवशी पेसनला ऊन कडक होतं. नवऱ्या मुलाची आई नेवाडाची. ती मॉर्मन नव्हती, म्हणून बाहेर फुलांच्या वाफ्यापाशी कठड्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. डेलमाँट सेशन्स घरचाच म्हणून त्यालाही आत बोलावलं होतं. तो नवा कोट घालून आला आणि त्या बाईशेजारी कठड्यावर टेकला.

‘चल ना,’ थेन म्हणाला. ‘वेळ होतेय.’

‘तुम्ही व्हा पुढे. बिचारी एकटी बसलीय. मी थांबतो हिच्याजवळ.’

‘परवाना आहे ना तुझ्याकडे?’

‘आहे की.’ डेलमाँटने खिशावर थाप मारली. काढून मात्र दाखवला नाही.

पायऱ्या चढताना थेनचा विचार एकाच जागी घुटमळत होता. परवाना खिशात असलेला माणूस बाहेर कशाला बसेल? पण खरा सज्जन माणूसही नेमका असाच बाहेर बसेल. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी होती आणि यातलं कोणतं घ्यावं हे त्याला कळेना. आत समोरासमोरच्या आरशांत ब्रिनली पांढऱ्या कपड्यांत लांबवर पुन्हा पुन्हा दिसत गेली. साक्षीदाराच्या खुर्चीत बसून थेन रडला. डोळे पुसताना दारातून कोण आत येतंय ते त्याने पाहिलं. कोणी आलं नाही.

बाहेर आला तेव्हा नेवाडाची बाई डेलमाँटच्या कुठल्याशा बोलण्यावर पोट धरून हसत होती. दोघांच्या हातात बर्फ घातलेल्या सोड्याचे मोठाले पेले होते.

‘लागलं लग्न?’ डेलमाँटने विचारलं.

‘लागलं. बघायला हवं होतंस.’

‘तू बघितलंस ना,’ डेलमाँट म्हणाला, ‘मग झालं.’

तो हे ज्या तऱ्हेने म्हणाला, त्यात काही होतं की नव्हतं, हे थेन त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिला. डेलमाँटही त्याच्याकडे तसाच बघत होता. तेवढ्यात फोटोवाल्याने सगळ्यांना पायऱ्यांवर यायची हाक दिली. डेलमाँटने पेला खाली ठेवून थेनचा टाय सरळ केला, आणि थेनने त्याचा.